कॉफीवर टांगलेला राजवाडा

आमच्या नाटक कंपनीत दिवे सांभाळणाऱ्या माणसाला सगळे डिमर म्हणत. ज्या यंत्राची मूठ फिरवून तो मंचावरचा उजेड कमी-जास्त करायचा, त्या यंत्राचंच नाव त्याला चिकटलं होतं. त्याचं खरं नाव मी पहिल्यांदा त्याच्या लग्नपत्रिकेवर वाचलं आणि त्यालाच विचारलं, "हा कोण रे बाबा, कुणाच्या लग्नाला बोलावतोयस?" तो लाजून म्हणाला, "बाई, मीच."

तीस वर्षं मी उजेडात उभी राहिले आणि हा माणूस अंधारात बसून राहिला. बारकेला, सदैव काळा शर्ट, कारण पांढरा शर्ट विंगेत चमकतो. बोटांची टोकं तापलेल्या दिव्यांना हात लावून लावून कडक झालेली. आवाज इतका हळू की चहावाल्याला दोनदा विचारावं लागे, "साखर म्हणालात की नको म्हणालात?" प्रयोग संपवून, दिवे उतरवून, गाडीत भरून झोपायचा तो दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला उठायचा. मग चहा, आणि लगेच थिएटरचं मागचं दार. मी त्याला म्हणायची, "डिमर, तू घुबडाच्या राशीला जन्मलास." तो म्हणायचा, "घुबडाला तरी झाड असतं बाई."

झाड त्याच्या नशिबात होतं. फक्त जरा उशिरा यायचं होतं.

त्याची बायको डोंगरउतारावरच्या दोन एकरांत राहायची. जमीन तिच्या वडिलांची, कॉफीही त्यांनीच लावलेली. वडील गेल्यावर ती एकटीने ते सगळं बघायची आणि डिमर कंपनीबरोबर गावोगाव फिरायचा. तो तिला मालकीण म्हणतो. आधी चेष्टेने म्हणत असे, नंतर सवयीने, आता मला वाटतं अगदी मनापासून. वर्षातून एकदा, पावसाळ्यात दौरे बंद असले की, तो दीड-दोन महिने घरी जायचा. तेव्हा त्या डोंगरावर आभाळ असं खाली उतरलेलं असतं की दुपारीही घरात दिवा लावावा लागतो. म्हणजे नवऱ्याने बायकोची शेती तीस वर्षं पाहिली, पण पावसाळ्यातच. पुढचं सगळं समजायला एवढं ध्यानात ठेवा.

कंपनी बंद पडली तेव्हा तो कायमचा तिकडे गेला. मी शहरातल्या एका भाड्याच्या खोलीत राहिले. माझ्याबरोबर कंपनीचे सहा रंगवलेले पडदे होते. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट, बाजारातला रस्ता, देवडी आणि नुसतं आभाळ. कंपनीच्या मालकांनी जाताना विचारलं, "बाई, तुम्हाला काय हवं?" आणि मी वेड्यासारखी म्हणाले, "पडदे." गुंडाळलेले ते सहा ओंडके खोलीत आडवे टाकल्यावर मला पाय पसरायला जागा उरली नाही. आलेला पाहुणा विचारायचा, "इथे पडदे राहतात की तुम्ही?"

मग काही महिन्यांतच डिमरचं पत्र आलं. त्याच्या बोलण्यासारखंच, पुसट पेन्सिलीने लिहिलेलं. "बाई, इथली सावलीची झाडं मेली. कॉफी उघडी पडली आहे. थोडे दिवस या. पडदे घेऊन आलात तरी चालेल, शेड रिकामी आहे."

मी टेम्पो केला आणि पंधरा दिवसांसाठी गेले. त्याला आता सहावं वर्ष चालू आहे.

कॉफीचं झुडूप फार मानी. त्याला सरळ ऊन सोसत नाही, दाट सावलीही आवडत नाही. त्याला गाळलेलं ऊन लागतं. म्हणून मालकिणीच्या वडिलांनी वरच्या तुकड्यात मोठी सावलीची झाडं लावली होती, सगळी एकाच जातीची. त्या जातीला खोडकिडा लागला आणि दोन वर्षांत एकामागून एक सगळी वाळली. खालच्या तुकड्यावर डोंगराची सावली येते, तिथली कॉफी ठीक होती. वरची ऐंशी झुडपं मात्र भर उन्हात आली. ती मालकिणीच्या वडिलांनी, आप्पांनी, स्वतःच्या हाताने लावलेली. मालकीण तेव्हा सात वर्षांची, एकेका खड्ड्याला तांब्याने पाणी घालत मागून जायची. ती सांगायची तेव्हा हात असा धरायची की तांब्या दिसायचा. मी आयुष्यभर रिकाम्या हातात वस्तू दाखवण्याचं काम केलं, पण असा तांब्या मला कधी दाखवता आला नाही.

त्या उघड्या तुकड्यावर शेजारच्या अननसवाल्याची नजर होती. माणूस वाईट नव्हता. अननसाला ऊन लागतं, त्या तुकड्यात ऊनच ऊन, एवढा साधा त्याचा विचार. दर महिन्याला तो यायचा, येताना एक अननस आणायचा आणि विचारायचा, "मग वहिनी, काय ठरलं?" अंगणात अननसाचा वास आला की मालकीण आतूनच म्हणायची, "आले हो तुकडा मागायला."

मी पोचले तेव्हा डिमरच्या डोक्यात एक बेत शिजत होता. तो मला वरच्या तुकड्यात घेऊन गेला आणि वाळलेल्या झाडांकडे बोट दाखवून म्हणाला, "बाई, इथे चूक काय झाली सांगू? एकच नट सगळ्या भूमिका करत होता. तो आडवा झाला आणि प्रयोग बंद पडला."

"मग तुझं काय म्हणणं?"

"सगळी झाडं वेगवेगळी लावायची. आणि सगळी फळांची. एकाला कीड लागली तर दुसरं उभं राहील. शिवाय प्रत्येकाची सावली निराळी असते. पपईची छत्रीसारखी, मधे उघडी. आवळ्याची चाळणीतून पडल्यासारखी. फणसाची दाट, जवळजवळ निळी." तो दिव्यांपुढे लावायच्या रंगीत जिलेटिनबद्दल बोलायचा तसाच बोलत होता. त्याला मी इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

रात्री जेवताना मालकिणीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लावा. यंदाचा उन्हाळा झुडपं कशीबशी काढतील, थोडी जातील. पुढचा उन्हाळा तुमच्या झाडांनी काढून दाखवला तर माझी काही तक्रार नाही. नाही निघाला, तर तुकडा अननसाला देऊन टाकीन. आप्पांची झुडपं रोज थोडी थोडी मरताना मला बघवत नाहीत."

डिमरने मान हलवली. मीही हलवली, कुणी विचारलं नसताना.

त्यानंतर मालकीण लेकीच्या बाळंतपणाला दोन महिने गेली. थंडीचे दिवस होते. झाडं कुठे लावायची ते ठरवून खुंट्या ठोकायच्या होत्या, आणि डिमरला एकच पद्धत ठाऊक होती. नाटकाचे दिवे लावताना नट मंचावर नसतात, म्हणून कुणाला तरी त्यांच्या जागी उभं करतात आणि "इकडे सरक, तिकडे सरक" करत दिवे जुळवतात. त्याने एका लांब बांबूला काळी छत्री बांधली, बांबू माझ्या हातात दिला आणि मला पायवाटेच्या कडेला उभं केलं. मी म्हणजे झाड. छत्री म्हणजे झाडाचा डोलारा. बरोबर दुपारी, ऊन सर्वांत कडक असतं तेव्हा, छत्रीची सावली कॉफीवर पडली पाहिजे.

"बाई, दोन पावलं डावीकडे."

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

"प्रेक्षकांच्या."

"प्रेक्षक कुठे आहेत इथे?"

"ही काय, कॉफी," तो म्हणाला.

सलग आठ दुपारी मी पेरू झाले, चिकू झाले, फणस झाले. फणसाच्या वेळी बांबू आणखी उंच धरावा लागला, हाताला मुंग्या आल्या. मी म्हणाले, "अरे, मी नायिकेची कामं केली आहेत." तो म्हणाला, "म्हणून तर फणस दिलाय. मुख्य भूमिका आहे." खुंट्या सगळ्या एकाच बाजूला, पायवाटेच्या ओळीने आल्या, कारण तिथून सावली नेमकी झुडपांवर जात होती. त्याला ते आवडलंच. दिवे विंगेत, मंच मोकळा. कॉफीच्या मुळांमधे खणायलाही नको.

मालकीण परत आली तेव्हा खड्डे तयार होते. ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली.

"सगळी एकाच बाजूला?"

"विंगेत," डिमर म्हणाला.

ती थोडा वेळ खड्ड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दिव्यांतलं तुम्हाला कळतं," आणि चहा टाकायला गेली. त्यात टोमणा नव्हता. नवऱ्याच्या दिव्यांची स्तुती ती तीस वर्षं लोकांच्या तोंडून ऐकत आली होती. तिने ती एकदाच खरी मानून ठेवली होती.

तो उन्हाळा झुडपांनी उघड्यावर काढला. नऊ गेली, एकाहत्तर राहिली. पावसाच्या तोंडावर आम्ही रोपवाटिकेत गेलो. डिमरने यादी काढली. पेरू, चिकू, फणस, आंबा, पपनस, रामफळ, लिची, जाम, आवळा, अवोकॅडो, झालंच तर रामबुतान. त्यातल्या चार-पाच जातींची दोन-दोन रोपं, बाकी प्रत्येकी एक.

रोपवाटिकेचा मालक चष्मा वर करून म्हणाला, "लोक एका जातीची पन्नास रोपं नेतात. तुम्ही सगळ्यांतलं एकेक मागताय. बाग करताय की संमेलन भरवताय?"

"संमेलनच," डिमर म्हणाला.

मोठ्या झाडांना सावली धरायला तीन-चार वर्षं लागतात. तोवरची सोय म्हणून प्रत्येक रोपाशेजारी केळ आणि पपई लावली. पाऊस भरपूर झाला. केळी बघता बघता माझ्या डोक्यावर गेल्या, पपयांनी छत्र्या उघडल्या. संध्याकाळी आम्ही तिघं ओसरीवर बसून त्या ओळीकडे बघायचो. डिमर एकेका रोपाची पानं मोजून सांगायचा. रामफळाला नवं पान आलं की मालकिणीला कळायच्या आधी मला कळायचं, कारण तो आधी माझ्या खिडकीशी यायचा.

मग ज्याची वाट बघत होतो तो उन्हाळा आला.

एका दुपारी मी वर गेले तर डिमर पायवाटेवर उभा होता. केळी-पपयांची सावली गोल, गारेगार, थेट त्याच्या पायाशी पडली होती. त्या सावलीत अननसवाल्याचा कुत्रा पाय ताणून झोपला होता. आणि चार हातांवर एकाहत्तर झुडपं रखरखीत उन्हात उभी होती. पानं खाली वळलेली, कडा तपकिरी पडलेल्या. हात लावला तर पापडासारखी मोडत होती.

डिमर मला म्हणाला, "बाई, कुणीतरी दिवा हलवलाय."

मालकीण मागून पाण्याची घागर घेऊन येत होती. तिने घागर खाली ठेवली.

"कुणी कशाला हलवील? तो आपला आपण जातो. थंडीत त्या डोंगराकडे कलतो, उन्हाळ्यात डोक्यावर येतो, पावसाळ्यात इकडच्या बाजूला उतरतो. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून जातोय."

"तू बोलली का नाहीस?"

"अहो, मला वाटलं तुम्ही ते धरूनच खुंट्या ठोकल्या असतील. तुम्ही दिव्यांतले."

"मी सूर्य कधी बघितलाय?" डिमर म्हणाला, आणि मटकन कुत्र्याशेजारी बसला.

हसू येण्यासारखीच गोष्ट होती, आणि आता आम्ही तिघंही हसतो. तेव्हा कुणी हसलं नाही. त्याच्या जगात दिवा जिथे बांधला तिथे राहतो. बारा वाजेपर्यंत झोपणाऱ्या आणि बायकोचं शेत पावसातच बघणाऱ्या माणसाला कुणी सांगावं की हा एक दिवा वर्षभर इकडून तिकडे फिरत असतो? आणि मीही तशीच. माझ्या डोक्यावरची छत्री जिकडे सावली टाकत होती तिकडेच ती कायम टाकणार असं मलाही वाटलं होतं.

रोपं आता उपटून हलवता येत नव्हती. मुळं धरली होती. दुसऱ्या बाजूला नवी लावायची तर पाऊस लागणार, आणि त्यांची सावली यायला आणखी वर्ष. झुडपांकडे तेवढा वेळ नव्हता.  मालकीण सकाळ-संध्याकाळ घागरी वाहत राहिली, आणि चौथ्या दिवशी अंगणात अननसाचा वास आला.

"मग वहिनी, काय ठरलं?"

"पाऊस पडू दे," मालकीण म्हणाली. "मग सांगते." तिचा आवाज पहिल्यांदाच असा आला की तिने आतून होकार दिलाय हे अननसवाल्यालाही कळलं. त्याने खुशीने हसायला हवं होतं, पण तो अननस ठेवून गुमान निघून गेला. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता.

डिमर ओसरीवर बसून शेडकडे बघत होता. शेडमधे माझे पडदे होते. तो बघत होता आणि बोलत नव्हता, आणि तो का बोलत नाही ते मला माहीत होतं. दोनच महिन्यांपूर्वी एका संग्रहालयाचं पत्र आलं होतं. त्यांना ते पडदे हवे होते. पाऊस संपला की ते गाडी पाठवणार होते, पडदे काचेमागे टांगणार होते आणि खाली पाटीवर कंपनीचं नाव लिहिणार होते, माझंही. मी ते पत्र दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. दोनदा.

मी म्हणाले, "डिमर, पडदे काढ."

"नको बाई."

"का नको?"

"अख्खा पडदा टांगला तर खाली अंधार होईल. कॉफीला अंधार चालत नाही. गाळलेलं ऊन हवं. म्हणजे त्याला भोकं पाडावी लागतील." तो इतक्या हळू बोलला की मालकिणीने विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणतोय, कापावे लागतील," मी सांगितलं.

"मग नकोच ताई," मालकीण म्हणाली. "ते तुमचं आहे. झुडपं माझी आहेत."

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं.

कंपनीची शेवटची काही वर्षं मला वाक्यं आठवेनाशी झाली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. एका प्रयोगात, दुसऱ्या अंकात, भरल्या सभागृहासमोर माझं डोकं पाटीसारखं कोरं झालं. पुढचा शब्द नाही. मागचा नाही. प्रॉम्प्टरचा आवाज येत होता पण भाषा कळत नव्हती. आणि तेवढ्यात माझ्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू उतरू लागला. इतका हळू की तो नाटकाचाच भाग वाटावा. शेवटी उजेड फक्त माझ्या हातावर उरला. सगळं सभागृह तो हात बघत राहिलं. मी अंधारात श्वास घेतला, एक, दोन, तीन, आणि वाक्य आलं. मी ते म्हणाले, आणि उजेड पुन्हा चढला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या शांततेवर अर्धा रकाना होता. माझ्या अभिनयाचं शिखर वगैरे. मी ते कात्रण जपून ठेवलं. डिमरला मी काहीच म्हणाले नाही, त्यानेही काही विचारलं नाही. नंतर असं आणखी सात-आठ वेळा झालं, आणि प्रत्येक वेळी त्याच्या हाताला माझ्या आधी कळलं.

म्हणून मी आत जाऊन मालकिणीची कापडाची कात्री घेऊन आले. राजवाडा अंगणात उलगडला. तीस फूट कापड, बारा खांब, मधोमध जिना, वरच्या मजल्यावर सोनेरी चौकटींच्या खिडक्यांची रांग. त्या खिडक्यांखाली उभी राहून मी किती वेळा रडले असेन, आणि त्या एकदाही उघडल्या नव्हत्या. मी गुडघ्यावर बसले आणि पहिली खिडकी कापून काढली. रंग जुना होता, कात्रीखाली करकरत होता. दुसरी कापली. तिसरीला मालकीण माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिने कापड ताणून धरलं. डिमर उभा होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाई, खिडक्या पुरणार नाहीत. दारंही उघडा."

बांबूंची गरज होती. ते अननसवाल्याकडे होते. त्याला विचारायला डिमर गेला, तेव्हा मी मनात म्हटलं, आता हा काय देतो. ज्याला तुकडा हवाय त्याच्याकडे तुकडा वाचवायला बांबू मागायचे. तो माणूस स्वतः बैलगाडीत बांबू घालून आला. दोरांच्या गाठी मारायला डिमरसारखा कुणी नाही, पडदे वर-खाली करण्यात त्याची जवानी गेलेली. दोन दिवसांत सहाही पडदे भोकं पाडून कॉफीवर टांगले गेले. राजवाडा, अरण्य, घाट, रस्ता, देवडी आणि आभाळाखाली टांगलेलं आभाळ. दुपारी राजवाड्याच्या खिडक्यांतून उन्हाचे चौकोन खाली झुडपांवर पडले.

अननसवाला मान वर करून फिरत होता. म्हणाला, "मी जन्मात नाटक बघितलं नाही. हे पहिलंच."

"तिकिटाला बांबू लागले," मालकीण म्हणाली.

"नाटकात होतं काय पुढे?"

"तुला तुकडा मिळतो की नाही, तेच."

रस्त्यावरून जाणारे लोक थांबायचे. एका म्हाताऱ्याने चप्पल काढून आत डोकावलं. डिमर आता पहाटे उठायचा. तो दर चार दिवसांनी दोर ढिले करून पडदे थोडे सरकवायचा, दिव्याच्या मागे मागे. दर महिन्याच्या एका ठरलेल्या दुपारी, पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा, तो मला परत छत्री देऊन उभी करायचा आणि सावली कुठे, किती पावलांवर पडते त्याची शेडच्या भिंतीवर खडूने खूण करायचा. सबंध वर्षाच्या बारा खुणा. मी परत शहरात न जाण्याचं अधिकृत कारण ते. बारावी खूण व्हायची होती, मधेच कशी जाणार?

त्या उन्हाळ्यात फक्त तीन झुडपं गेली. अडुसष्ट राहिली. पाऊस आला आणि पडद्यांचे रंग धुऊन झुडपांच्या बुंध्याशी निळे-तांबडे ओघळ आले. आठवड्याभरात फांद्यांच्या टोकांवर नवी पानं फुटली, तकतकीत, ओली. मालकीण एकेका झुडपापाशी थांबत वरपासून खालपर्यंत गेली. तिचा हात परत तसा झाला होता, तांब्या धरल्यासारखा.

अननसवाला आला, अननस घेऊनच. तोंड उघडायच्या आत मालकीण म्हणाली, "तुकडा मिळायचा नाही. अननस ठेवून जा."

तो म्हणाला, "ते मला खिडक्या कापल्या तेव्हाच कळलं होतं." आणि खरंच ठेवून गेला. अजूनही आणतो. आता कारण विचारत नाही आम्ही.

मी संग्रहालयाला पत्र लिहिलं की पडदे खर्ची पडले, कशात पडले तेही लिहिलं. त्यांनी फार सभ्य उत्तर पाठवलं. उरलेला तुकडा असेल तर द्या म्हणाले. मी त्यांना राजवाड्याची एक कापलेली खिडकी पाठवली, सोनेरी चौकटीसकट. ती आता काचेमागे आहे म्हणतात.

मग दुसऱ्या बाजूच्या खुंट्या आल्या, बारा खुणा पाहून ठोकलेल्या. थोड्या झुडपांच्या मधेही. मी कंपनीतल्या उरल्यासुरल्या लोकांना पत्रं टाकली की भेटायला या आणि येताना मिठाई आणू नका, तुमच्याकडचं रोप आणा. पेटीवाला डाळिंब घेऊन आला. प्रॉम्प्टर आला तो जांभळाचं रोप मांडीवर धरून, बसमधे सहा तास. मेकअपवाल्याने करमळ आणली, ती कसली आंबट निघाली म्हणून सांगू. डिमरने कुठलंच परत पाठवलं नाही. कोण कुठे उभं राहायचं ते तो भिंतीकडे बघून ठरवायचा. आता कुठल्या महिन्यात कुणाच्या फांद्या छाटायच्या, म्हणजे ऊन किती आत सोडायचं, ते त्याने एका वहीत लिहून ठेवलंय. पूर्वी प्रयोगाचे दिवे लिहायचा तसंच. "उन्हाळा सुरू, पेरू तसाच. पाऊस लागला, फणस अर्धा." मालकीण ती वही वाचते आणि म्हणते, "यात कॉफी कुठेच नाही." तो म्हणतो, "नटाचं नाव दिव्यांच्या वहीत नसतं."

यंदा वरच्या तुकड्यात फळ चांगलं लागलं. कालपासून तोडणी चालू आहे. लाल झालेलं तेवढंच तोडायचं, हिरवं राहू द्यायचं. वेचताना सांडलेली फळं मातीत जाऊ नयेत म्हणून मालकिणीने झुडपांखाली राजवाड्याचं उरलेलं कापड अंथरलंय. रंग जवळजवळ गेलाय. जिन्याच्या चार पायऱ्या तेवढ्या दिसतात.

आज दुपारी मी डिमरशेजारी तोडायला उभी होते. वर चिकूच्या पानांतून ऊन चाळून येत होतं आणि त्याच्या पांढऱ्या केसांवर हलत होतं. काळा शर्ट त्याने अजून सोडलेला नाही. मी म्हणाले, "डिमर, त्या दुसऱ्या अंकाचं तुला कधी बोलले नाही मी."

"कुठला दुसरा अंक?"

"तो. हातावर उजेड ठेवलास तो."

त्याने फांदी खाली वाकवली, दोन लाल फळं तोडली. "मला नाही आठवत," तो म्हणाला. या माणसाला तीस वर्षांतल्या प्रत्येक प्रयोगाचा प्रत्येक दिवा आठवतो. कुठल्या गावी कुठला बल्ब उडाला तेही.

"तरी पण," मी म्हणाले, "बरं झालं तू होतास."

त्याने पुढची फांदी वाकवली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बाई, दोन पावलं डावीकडे. तुमची सावली पडतेय."

मी सरकले. मालकीण खालच्या ओळीतून ओरडली, "काय म्हणाले?"

"काही नाही गं," मी म्हणाले. तिने ओंजळीतली फळं टोपलीत टाकली. त्यातलं एक निसटलं, राजवाड्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन पडलं, आणि तिने वाकून उचललं.